भित्र्या पिल्लाची बाजू

'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण आपण सर्वांनीच लहानपणी ऐकलेली असते, आणि बहुधा ती आपल्याला धीर देण्यासाठी नव्हे, तर हिणविण्यासाठीच वापरली गेलेली असते. जो भितो त्याच्याच मागे भय लागते, तेव्हा भिऊ नये, असा तिचा सरळ उपदेश. परंतु भिणाऱ्याचे भय आले कोठून, ते त्याच्या स्वभावाचे होते की केवळ त्याच्या वयाचे, हा प्रश्न ती म्हण विचारीत नाही. माणसाच्या मुलाला निदान "मला भीती वाटते" एवढे तरी बोलून दाखविता येते. कुत्र्याच्या पिल्लाला तेही साधत नाही. त्याची बाजू दुसऱ्या कोणी तरी मांडावयास हवी, आणि ती शाळेच्या वार्षिक अंकात मांडणे आम्हांस योग्य वाटते. कारण पिल्लाचे सर्वांत जवळचे सोबती आणि कधी कधी सर्वांत मोठे छळणारेही, शाळेत जाणारी मुलेच असतात.

आमच्या हरिशंकरपुरमच्या वस्तीत कुत्र्यांची उणीव नाही. कोणाच्या घरी पट्टा घातलेले पाळीव कुत्रे आहे, तर गल्लीतली कुत्री सर्वांची आणि कोणाचीच नाहीत. अशा वस्तीत एक प्रकार हमखास पाहावयास मिळतो. हौसेने पिल्लू घरी येते. चार दिवस ते साऱ्या घरभर नाचते, चपला पळविते, पाहुण्यांच्या पायांत घोटाळते. मग एके दिवशी कुकरची शिट्टी होते, किंवा कोणी छत्री उघडते, आणि तेच पिल्लू पलंगाखाली शिरून थरथरू लागते. कालपर्यंत ज्या केरसुणीशी ते खेळत होते, तिच्याकडे पाहून आज ते केविलवाणे भुंकते. घरातील मंडळी हसतात, कोणी त्याला ओढून बाहेर काढतात आणि निकाल देऊन मोकळे होतात की, "हे भित्रे निघाले, बाळाचे पाय पाळण्यात दिसतात!"

आमचे म्हणणे असे की, हा निकाल चुकीचा आहे, आणि तो देण्याची घाई तर त्याहूनही चुकीची आहे. पिल्लाच्या वाढीत भयाचे काही ठरावीक काळ येतात. दात पडणे आणि नवे येणे हा जसा वाढीचा भाग, तसाच हाही. ते काळ येतात तसे जातातही. पण त्या थोड्या दिवसांत आपण पिल्लाशी कसे वागतो, यावर पुढे ते कुत्रे शांत आणि विश्वासू होईल की सावलीलाही बिचकणारे व प्रसंगी चावणारे होईल, हे पुष्कळसे अवलंबून असते.

थोडे शास्त्र पाहू. पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात आणि कानही बंद असतात. आईची ऊब, दुधाचा वास आणि स्पर्श एवढेच त्याचे जग असते. सुमारे दोन आठवड्यांनी डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आवाज ऐकू येऊ लागतात, आणि तेथून पुढे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा त्याच्या आयुष्यातील अत्यंत मोलाचा काळ ठरतो. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी पाच जातींच्या कुत्र्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि 1965 साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या या काळास त्यांनी समाजाशी ओळख होण्याचा काळ मानले. माझे कोण, परके कोण, कशाला भ्यावे, कशाला भिऊ नये, याचा पाया पिल्लाच्या मनात याच दिवसांत घातला जातो.

त्याच प्रयोगशाळेतील एक प्रयोग 1961 साली प्रसिद्ध झाला. डॅनियल फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही पिल्ले उंच कुंपणाच्या आवारात, माणसाचे दर्शनही होणार नाही अशा रीतीने वाढविली. त्यांतील एकेका पिल्लाला वेगवेगळ्या वयात एक आठवडा माणसांच्या सहवासात ठेवून परत नेले. काहींना मात्र चौदा आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही. ज्यांना पाचव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास सहवास लाभला होता, ती पुढे माणसाजवळ येऊ लागली. ज्यांना तो मुळीच लाभला नव्हता, ती रानातील जनावरांप्रमाणे माणसापासून दूर पळत. केवळ एका आठवड्याचा सहवास, पण योग्य वयातला! आपल्या शेतकऱ्याला वाफशाचे महत्त्व सांगावे लागत नाही. वाफसा टळल्यावर कितीही उत्तम बी पेरले तरी ते तसे उगवत नाही. तसेच काहीसे हे आहे.

आता या मोलाच्या काळातच भय का यावे? निसर्गाने येथे मोठी योजना केली आहे. तीन-चार आठवड्यांचे पिल्लू निर्भय असते, कारण ते आईपासून दोन हातही दूर जात नाही. पुढे पायांत बळ येते आणि ते बिळाबाहेर, ओसरीबाहेर, रस्त्यावर जाऊ लागते. पाय दूर नेऊ लागले आणि मन मात्र तसेच निर्भय राहिले, तर ते पिल्लू फार दिवस जगणार नाही. म्हणून पाय धावू लागतात त्याच सुमारास मनाला लगाम घातला जातो. साधारणपणे आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या आसपास हे भय ठळक दिसते. जातीजातींत आणि पिल्लापिल्लांत पुढेमागे होते. अशा रीतीने पाहिले असता भय हा दोष नसून आईपासून दूर जाऊ लागलेल्या लेकराच्या पाठीशी निसर्गाने दिलेला राखणदार आहे.

पण आपल्याकडे पिल्लू आईपासून तोडून नव्या घरी नेण्याचे वयही बहुधा हेच असते. कित्येकदा तर त्याहूनही आधी, चार-पाच आठवड्यांचे झाले की ते पिशवीत घालून आणले जाते. आई गेली, भावंडे गेली, वास बदलला, आवाज बदलले, आणि अंगात निसर्गाने नुकतेच भय जागे केले. आठ आठवड्यांखालील पिल्लाची विक्री करू नये, असे श्वानपैदास व विक्रीविषयीच्या 2017 सालच्या नियमांनी आपल्या देशात ठरविले आहे. पिल्लाला आईजवळ काय शिकावयाचे असते ते ध्यानात घेतले, म्हणजे या नियमाचे शहाणपण पटते. किती जोराने चावले म्हणजे खेळ मोडतो, हे भावंडे शिकवितात. कशाकडे दुर्लक्ष करावे, हे आई शिकविते. ती शाळा अर्धवट सोडावयास लावून मग पिल्लू चावते म्हणून तक्रार करणे न्यायाचे नाही.

एकच मोठा धक्का मनात किती खोल रुतून बसतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण रशियात घडले. 1924 साली लेनिनग्राड शहरात महापूर आला आणि इव्हान पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरले. कुत्र्यांना वाचविण्यात आले; परंतु त्यांतील काही पुढे पूर्वीसारखी राहिली नाहीत. एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून पाण्याची बारीक धार सोडताच त्याचे सारे जुने भय पुन्हा उसळून आले. ही तर वाढ पूर्ण झालेली कुत्री होती. मग ज्याचे मन अजून ओल्या मातीसारखे आहे, त्या अडीच महिन्यांच्या पिल्लाच्या कानाशी कोणी गमतीने फटाका वाजविला, तर त्याचा ठसा किती काळ राहील? दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, हे आपण माणसांविषयी सहज म्हणतो. पिल्लालाही तोच न्याय लावावयास काय हरकत आहे?

भयाचा दुसरा काळ कुमारवयात येतो. सहाव्या महिन्यापासून सव्वा वर्षाच्या वयापर्यंत केव्हातरी, धीट झालेले कुत्रे पुन्हा एकाएकी बिचकू लागते असा कुत्री वाढविणाऱ्यांचा अनुभव आहे. रोजच्या वाटेवरील विजेचा खांब, कोपऱ्यावर उभी केलेली हातगाडी, घोंगडी पांघरलेला वाटसरू यांचे त्याला नव्याने भय वाटते. घरची माणसे म्हणतात, "एवढा मोठा झाला आणि आता घाबरतो!" पण या वयाचे वेगळेपण अलीकडच्या अभ्यासातही दिसून आले आहे. इंग्लंडमधील लूसी ॲशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 साली दाखवून दिले की, पाच महिन्यांच्या वयात आपल्या माणसाची आज्ञा पाळणारी कुत्री आठ महिन्यांची झाल्यावर ती टाळू लागतात. आणि गंमत अशी की, परक्याचे मात्र ती ऐकतात. हेही दिवस पुढे सरतात. हे वाचताना आमच्या नववी-दहावीच्या वाचकांच्या घरी आईबाबा मंदपणे हसले, तर त्यांना दोष देऊ नये.

हे सारे आपल्या ग्वाल्हेरच्या पंचांगावर मांडून पाहिले म्हणजे एक विचार करण्याजोगी गोष्ट दिसते. आपल्याकडे रस्त्यावरील कुत्र्यांचा समागमाचा काळ मुख्यतः पावसाळ्याच्या अखेरीस, भाद्रपदाच्या सुमारास असतो. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे त्रेसष्ट दिवसांचा. म्हणजे पुष्कळशी पिल्ले कार्तिक-मार्गशीर्षात जन्मतात आणि त्यांचे आठवे ते अकरावे आठवडे पौष-माघात येतात. हे दिवस ग्वाल्हेरात कडाक्याच्या थंडीचे आणि दाट धुक्याचे. संक्रांतीनंतर लग्नसराई पुन्हा सुरू होते. वराती, बँड, ध्वनिक्षेपक आणि आतषबाजी यांनी रस्ते दणाणून जातात. 1905 साली सुरू झालेला आपला प्रसिद्ध मेळाही हिवाळ्यातलाच. हौशी मंडळींना नवे पिल्लू कडेवर घेऊन या गर्दीत मिरविण्याचा मोह होतो. पुढे तेच पिल्लू जेव्हा कुमारवयात, म्हणजे सुमारे वर्षाचे होते, तेव्हा दिवाळी येते. म्हणजे भयाचे दोन्ही काळ नेमके आपल्या आनंदाच्या आणि गोंगाटाच्या दिवसांशी गाठ घालतात. उत्सव करू नयेत असे आमचे मुळीच म्हणणे नाही. पण शेपटीला फटाक्यांची माळ बांधणे हा उत्सव नव्हे, ते क्रौर्य आहे. प्राण्यांना अशी पीडा देणे हा 1960 सालच्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे.

गल्लीतल्या पिल्लांची कथा तर आणखी कठीण. कोलकात्याजवळील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरील कुत्र्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका लेखात 364 पिल्लांचा हिशेब आहे. त्यांपैकी सात महिन्यांपर्यंत जगली ती शंभरांत अवघी एकोणीस, आणि मृत्यूंपैकी सुमारे त्रेसष्ट टक्के माणसाच्या कृतीमुळे घडलेले होते. ज्या प्राण्याचा बालपणीचा मुख्य शत्रू माणूसच आहे, त्याने माणसाला भ्यावे यात नवल कोणते? त्याच संस्थेतील अभ्यासात असेही दिसले की, अनोळखी माणसाने वारंवार अन्न दिल्यापेक्षा वारंवार गोंजारल्याने रस्त्यावरच्या कुत्र्यांचा विश्वास अधिक बसतो. भाकरीचा तुकडा लांबून फेकणे सोपे आहे. विश्वास देण्यासाठी वेळ द्यावा लागतो.

मग करावे काय? पिल्लू भ्याले असता त्याला त्या वस्तूकडे ओढीत नेऊ नये. शेपूट पोटाशी गेली, कान मागे पडले, पुनःपुन्हा जांभई येऊ लागली, ओठ चाटले जाऊ लागले, एक पाय हवेत थबकला, म्हणजे ते आपल्या भाषेत "मला भीती वाटते" असेच म्हणत असते. अशा वेळी चार पावले मागे यावे, त्याला दुरून पाहू द्यावे, आणि ते आपण होऊन पुढे सरकले तर शाबासकी द्यावी, आवडीचा घास द्यावा. गोंजारल्याने पिल्लू अधिक भित्रे होते ही समजूत खरी नाही. भय ही काही हट्टाने केलेली मागणी नव्हे की लाड केल्याने ती वाढावी. उलट त्या क्षणी मारले, तर केरसुणी आणि मार या दोहोंची सांगड त्याच्या मनात कायमची बसते, आणि मग ते केरसुणीलाच नव्हे, तर ती धरणाऱ्या हातालाही भिऊ लागते.

याचा अर्थ पिल्लाला कापसात गुंडाळून ठेवावे असाही नाही. फ्रीडमन यांच्या प्रयोगातील एकाकी पिल्ले आठवावीत. जे जग पाहिलेच नाही, त्याचेच भय सर्वांत मोठे असते. म्हणून रोज एखादी नवी गोष्ट, थोडा वेळ आणि सोसवेल इतकीच दाखवावी: आज सायकल, उद्या काठी टेकणारे आजोबा, परवा भाजीवाल्याची आरोळी. लसी पूर्ण झाल्याखेरीज पिल्लाला उघड्या रस्त्यावर, अनोळखी कुत्र्यांत सोडणे धोक्याचे आहे. पण पहिली लस टोचून आठवडा झाला असता, पशुवैद्यांच्या सल्ल्याने, कडेवर घेऊन दारात, गच्चीवर, शांत गल्लीत त्याला जग दाखविता येते.

येथे काही वाचक म्हणतील, "आम्हांला राखणीला कुत्रा हवा, त्याचे एवढे लाड करून तो निकामी होईल." हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या अगदी जवळ आहे. ग्वाल्हेरहून झाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर टेकनपूर लागते. तेथे सीमा सुरक्षा दलाच्या आवारात 1970 साली स्थापन झालेले राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. स्फोटके हुंगून काढणे, माग काढणे अशी कामे करणारी कुत्री तेथे तयार होतात, आणि अलीकडे मुधोळ व रामपूर या आपल्या देशी जातींनाही तेथे स्थान मिळाले आहे. ज्या कुत्र्याने गर्दीत, गोंगाटात, अनोळखी माणसांच्या पायांतून वाट काढीत आपल्या नाकावर ध्यान ठेवावयाचे, ते बिचकणारे असून कसे चालेल? खरा राखणदार ओळखीचा पाहुणा आणि चोर यांत फरक करतो. भ्यालेल्या कुत्र्याला तो फरक करता येत नाही. त्याला दोघेही सारखेच शत्रू वाटतात, आणि ते दूधवाल्यालाही चावते व शेजारच्या बाळालाही.

येथेच या विषयाचे गांभीर्य आहे. कुत्र्याच्या चाव्यामागे पुष्कळदा दुष्टपणा नसतो, भय असते. ज्याला पळण्याची वाट ठेविली नाही, ते जनावर दात दाखविते. असे कुत्रे मग घराला नकोसे होते, कोणी त्याला दूरच्या वस्तीत नेऊन सोडून देतात, आणि घरात निर्माण झालेले भय रस्त्यावर जाऊन साऱ्यांच्या वाट्याला येते. म्हणून पिल्लाला धीर देणे ही केवळ दयेची गोष्ट नाही. आपल्या धाकट्या भावंडांच्या सुरक्षिततेचीही ती गोष्ट आहे.

मुलांनो, एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. भूतदया म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. आई जवळ असता गल्लीतले पिल्लू उचलू नये. जेवणाऱ्या वा झोपलेल्या कुत्र्याला डिवचू नये. पिल्लू का होईना, त्याचा दात लागला किंवा ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, घरी न लपविता लगेच सांगावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस बहुधा वाचत नाही. वेळीच घेतलेल्या लसीने मात्र तो टळतो. रागे भरतील म्हणून गप्प बसणारे मूल आणि पलंगाखाली लपलेले पिल्लू यांच्यांत तसा फारसा फरक नाही. दोघांनाही प्रथम हवा असतो तो रागावणारा नव्हे, तर ऐकून घेणारा कोणीतरी.

आपल्या परंपरेने कुत्र्याला तुच्छ मानले असे सरसकट म्हणता येणार नाही. खंडोबाच्या आणि दत्तगुरूंच्या मूर्तीजवळ आपण त्याला पाहतो. महाभारताच्या अखेरीस, सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्यास युधिष्ठिराने नकार दिला. शरण आलेल्या भ्यालेल्या जीवाला टाकणे हे महापाप होय, असे त्याचे म्हणणे होते. आपल्याला तर स्वर्ग सोडावयाचा नाही. फार तर खेळातली पंधरा मिनिटे आणि थोडे हसू सोडावयाचे आहे. येत्या पौष-माघात हरिशंकरपुरमच्या गल्ल्यांतून नवी पिल्ले बागडू लागतील, आणि त्यांतील एखादे आपल्या चाहुलीने ओट्याखाली दडेल. त्या वेळी दगड न उचलता जरा दूर बसून हळूच 'यूऽ यूऽ' केले, आणि ते आपल्या पायांनी बाहेर येईपर्यंत वाट पाहिली, तर एक कुत्रे कमी चावरे होईल, आणि त्याच्या भोवतीची वस्ती कमी भयभीत होईल. एवढे तरी आमच्या वाचकांच्या हातून निश्चित होण्यासारखे आहे.